अमेरिकेचे यादवी युद्ध (१८६१–१८६५): सेनानी, लढाया आणि रसद – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन यादवी युद्ध म्हटले की लिंकन, ली आणि गेटिसबर्ग ही नावे चटकन आठवतात आणि बहुतेकांचे वाचन तिथेच थांबते. आमचे मत असे, की हे युद्ध नद्यांवर, लोहमार्गांवर आणि शिधासामग्रीच्या गाड्यांवर ठरले. ज्या सेनापतींना हे आधी उमगले ते जिंकले. खालची उत्तरे त्याच अंगाने दिली आहेत.

युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी झाले की गुलामगिरीसाठी?

गुलामगिरीसाठी. संघराज्यातून फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांनी ही गोष्ट लपवली नव्हती. मिसिसिपी राज्याच्या जाहीरनाम्यात सुरुवातीलाच म्हटले आहे, की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे. या राज्यांच्या वेगळ्या सरकारचे, म्हणजे दक्षिणेचे, उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना येथील भाषणात, गोरा आणि काळा समान नाहीत हाच आमच्या नव्या सरकारचा कोनशिला-विचार आहे असे सांगितले. राज्यांच्या हक्कांचा युक्तिवाद तपासायचा असेल तर १८५० चा पळून गेलेल्या गुलामांविषयीचा कायदा पाहावा. उत्तरेतल्या राज्यांची इच्छा नसतानाही केंद्र सरकारने तिथे घुसून पळालेले गुलाम पकडून द्यावेत, असा आग्रह दक्षिणेनेच धरला होता. राज्याचा हक्क गुलामगिरीच्या आड आला की तो दक्षिणेला नको असे.

अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी मात्र सुरुवातीला संघराज्य टिकवण्यासाठी युद्ध पत्करले. गुलामगिरी संपवणे हे युद्धाचे उघड उद्दिष्ट १८६२-६३ मध्ये झाले.

कोणती राज्ये कुठे होती?

लिंकन नोव्हेंबर १८६० मध्ये निवडून आले. २० डिसेंबरला साउथ कॅरोलायना फुटले. फेब्रुवारी १८६१ पर्यंत फुटलेली राज्ये सात झाली आणि त्यांनी जेफरसन डेव्हिस यांना अध्यक्ष नेमले. १२ एप्रिल १८६१ रोजी चार्ल्स्टनच्या बंदरातील सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या. लिंकन यांनी ७५,००० स्वयंसैनिक मागवताच व्हर्जिनिया, आर्कान्सा, नॉर्थ कॅरोलायना आणि टेनेसी हीही फुटली. एकूण अकरा. डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसूरी या राज्यांत गुलामगिरी असूनही ती संघराज्यात राहिली. नकाशात केंटकीवर बोट ठेवून पाहा. ओहायो नदीचा बहुतेक दक्षिणकाठ त्याच्याकडे आहे. ते गेले असते तर उत्तरेला टेनेसी आणि कंबरलँड नद्यांची वाटच मिळाली नसती.

दोन्ही बाजूंचे बळ किती होते?

१८६० च्या खानेसुमारीत देशाची लोकसंख्या सुमारे ३ कोटी १४ लाख होती. अकरा राज्यांत सुमारे ९० लाख लोक होते आणि त्यांपैकी ३५ लाख गुलाम. देशातल्या सुमारे ३०,००० मैल लोहमार्गांपैकी दक्षिणेकडे ९,००० च्या आसपास होते. त्यातही रुळांची रुंदी सगळीकडे सारखी नव्हती, म्हणून माल मध्येच उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावा लागे. झिजलेला रूळ बदलायला नवा मिळत नसे, कारण दक्षिणेची राजधानी रिचमंड इथल्या ट्रेडेगर कारखान्याचे लोखंड तोफा आणि जहाजांची चिलखते खाऊन टाकत होती.

तरीही निकाल आधीच ठरलेला होता असे नाही. दक्षिणेला फक्त टिकून राहायचे होते. उत्तरेला मात्र पश्चिम युरोपातल्या कित्येक देशांहून मोठा प्रदेश जिंकून ताब्यात ठेवायचा होता.

रॉबर्ट ली दक्षिणेच्या सगळ्या सैन्याचे सेनापती होते का?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. १ जून १८६२ पासून ली यांच्याकडे फक्त उत्तर व्हर्जिनियाची सेना होती. सर्व सैन्यांचे सरसेनापतिपद त्यांना मिळाले ते १८६५ च्या सुरुवातीला, दोन-तीन महिन्यांचे युद्ध उरले असताना. तोवर वेगवेगळ्या आघाड्यांचा मेळ घालण्याचे काम डेव्हिस स्वतः करत होते आणि ते त्यांना साधले नाही. दक्षिणेचे एक सेनापती जोसेफ जॉन्स्टन यांच्याशी त्यांचे पटत नव्हते. दुसरे सेनापती ब्रॅक्स्टन ब्रॅग यांच्याशी ब्रॅग यांच्याच हाताखालच्या सेनापतींचे पटत नव्हते, तरी डेव्हिस यांनी ब्रॅगना फार काळ पाठीशी घातले.

ली मैदानावर अव्वल होते. पण त्यांच्या विजयांची किंमत जबर असे. चॅन्सेलर्सव्हिल (मे १८६३) येथे जवळपास दुप्पट फौजेला त्यांनी मागे रेटले, पण त्यांचे सेनापती स्टोनवॉल जॅक्सन यांना अंधारात त्यांच्याच बाजूच्या गोळ्या लागल्या आणि १० मे रोजी ते वारले. माणसे कमी असलेल्या बाजूला असे विजय परवडणारे नव्हते.

मॅक्लेलन यांना लिंकन यांनी का काढले?

सैन्य उभे करण्यात उत्तरेचे सेनापती जॉर्ज मॅक्लेलन यांची बरोबरी कोणी करू शकत नव्हते. ते लढवण्यात मात्र ते कमी पडत. शत्रू आपल्याहून मोठा आहे असेच ते कायम धरून चालत. १३ सप्टेंबर १८६२ रोजी मेरीलँडमध्ये उत्तरेच्या सैनिकांना तीन सिगारांभोवती गुंडाळलेला एक कागद सापडला. तो ली यांचा विशेष हुकूम क्रमांक १९१ होता. ली यांची फौज अनेक ठिकाणी विखुरलेली आहे आणि कोणती तुकडी कुठे आहे, हे सगळे त्यात लिहिलेले. एवढे हाती येऊनही मॅक्लेलन तडक निघाले नाहीत आणि मिळालेल्या वेळात ली यांनी सैन्य गोळा करायला सुरुवात केली.

१७ सप्टेंबरला अँटिटम येथे लढाई झाली. मॅक्लेलन यांनी हल्ला एका दमात न करता तुकड्या-तुकड्यांनी केला, सकाळी उजवीकडे, मग मध्यावर, दुपारी डावीकडे. त्यामुळे ली यांना तीच माणसे एका टोकाकडून दुसरीकडे हलवता आली. राखीव फौजेचा मोठा भाग दिवसभर नुसता उभा राहिला. एका दिवसात दोन्हीकडचे मिळून सुमारे २२,७०० जण मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. अमेरिकेच्या इतिहासात याहून रक्तरंजित एक दिवस नाही. ली नदीपार परतले. ते विजयासारखे दिसले, आणि २२ सप्टेंबरला लिंकन यांनी गुलाममुक्तीचा प्राथमिक जाहीरनामा काढला. तो १ जानेवारी १८६३ पासून लागू झाला. त्याआधी नोव्हेंबर १८६२ मध्येच मॅक्लेलन घरी गेले.

त्या काळची बंदूक कशी भरत? मिनिटाला किती बार निघत?

पायदळाची मुख्य बंदूक म्हणजे नळीत आटे असलेली, तोंडाकडून भरायची ठासणीची बंदूक. उत्तरेकडे बहुधा ०.५८ इंची स्प्रिंगफील्ड, तर दोन्हीकडे ०.५७७ इंची इंग्लिश एनफील्ड. कवायतीत भरण्याच्या नऊ पायऱ्या शिकवत. थोडक्यात क्रम असा: कमरेच्या पेटीतून कागदी काडतूस काढायचे, दातांनी फाडायचे, दारू नळीत ओतायची, गोळी तोंडाशी बसवायची, गज काढून गोळी तळापर्यंत ठासायची, गज परत खोबणीत घालायचा, घोडा अर्धा ओढून निप्पलवर (दारूकडे ठिणगी नेणाऱ्या बोंडावर) तांब्याची स्फोटक टोपी बसवायची, मग घोडा पूर्ण ओढून नेम. तरबेज शिपाई मिनिटाला तीन बार काढी. पेटीत ४० काडतुसे असत.

गोंधळ व्हायचा तो घाईत. टोपी बसवायची राहिली की बार उडत नाही, पण चहूकडच्या आवाजात ते कळत नाही आणि शिपाई त्यावरच दुसरी गोळी ठासतो. गेटिसबर्गच्या लढाईनंतर (पेनसिल्व्हेनिया, जुलै १८६३) मैदानातून गोळा केलेल्या सुमारे २७,५०० बंदुकांपैकी २४,००० भरलेल्याच होत्या आणि त्यांतल्या पुष्कळ बंदुकांत एकाहून जास्त गोळ्या होत्या, अशी नोंद आहे. गज नळीतच राहून गोळीबरोबर उडून जाण्याचे प्रकारही होत.

गेटिसबर्गला ५१,००० माणसे मेली, हे खरे का?

नाही. ही चूक मराठी लेखांतही वारंवार दिसते. लढाईच्या आकड्यांत मृत, जखमी, कैदी आणि बेपत्ता असे सगळे धरलेले असतात. गेटिसबर्गचा सुमारे ५१,००० हा आकडा तसा एकत्रित आहे. जागीच ठार झालेले ७,००० ते ८,००० च्या घरात होते. जखमांनी नंतर मेलेले वेगळे. संपूर्ण युद्धात मेलेल्यांचा जुना रूढ आकडा ६,२०,००० आहे. खानेसुमारीवरून केलेल्या नव्या अंदाजांत तो सुमारे ७ लाख किंवा त्याहून अधिक येतो. जुन्या हिशेबाप्रमाणे यांपैकी सुमारे दोनतृतीयांश रोगाने गेले: हगवण, विषमज्वर, हिवताप, गोवर. खेड्यातून आलेल्या पोरांना गोवर आधी झालेला नसे, म्हणून नव्या छावण्यांत त्याची साथ झपाट्याने पसरे.

गेटिसबर्गला ली का हरले?

चार कारणे महत्त्वाची वाटतात. पहिले, ली यांच्या सैन्यातले जेब स्टुअर्ट यांचे घोडदळ उत्तरेच्या सैन्याला वळसा घालायला गेले आणि नेमके हवे तेव्हा नव्हते, त्यामुळे ली यांना समोर कोण किती आहे ते कळेना. दुसरे, १ जुलै १८६३ च्या संध्याकाळी कल्प टेकडी परिसरातली उंच जागा ‘शक्य असल्यास’ घ्यावी असा मोघम हुकूम त्यांनी आपल्या हाताखालचे सेनापती युएल यांना दिला. युएल यांना ते शक्य वाटले नाही. तिसरे, उत्तरेचे सेनापती मीड यांची रांग माशाच्या गळासारखी वळलेली होती. आतल्या बाजूने कुमक पटकन हलवता येत होती, तर ली यांची रांग बाहेरून लांबलचक पसरलेली.

चौथे म्हणजे ३ जुलैची चढाई. दुपारी एकच्या सुमारास सुरू झालेल्या तोफांच्या माऱ्यात धूर इतका दाटला, की गोळे टेकडीच्या कण्यावरून पलीकडे पडत आहेत हे तोफचींना दिसले नाही. समोरच्या तोफा शाबूत राहिल्या आणि दक्षिणेचा दारूगोळा मात्र संपत आला. मग सुमारे १२,५०० माणसे पाऊण मैल उघड्या शेतातून चालत निघाली. वाटेत मजबूत कुंपणे, ती ओलांडताना रांगा मोडल्या. जवळ येताच तोफांतून छऱ्यांचे डबे सुटले. निम्म्याच्या आसपास माणसे मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली. ली यांचे सेनापती लाँगस्ट्रीट यांनी ही चढाई नको असे आधीच बजावले होते.

मग विक्सबर्गला एवढे महत्त्व का?

आमच्या मते गेटिसबर्गपेक्षा विक्सबर्ग मोठे. मिसिसिपी नदीच्या वळणावर उंच कड्यांवर हे गाव. तिथल्या तोफा असेपर्यंत उत्तरेला नदी मोकळी नव्हती आणि टेक्सास, लुइझियाना, आर्कान्साकडची गुरे व माणसे दक्षिणेला मिळत होती.

उत्तरेचे सेनापती युलिसिस ग्रँट यांचा पहिला प्रयत्न फसला तो रसदीमुळेच. डिसेंबर १८६२ मध्ये ते रुळांच्या कडेने खाली निघाले, आणि २० डिसेंबरला दक्षिणेच्या व्हॅन डॉर्न यांच्या घोडदळाने पाठीमागचा हॉली स्प्रिंग्जचा कोठार-तळ जाळला. ग्रँट परतले. इकडे नदीवाटे गेलेले त्यांचे सहकारी सेनापती शर्मन यांनी चिकासॉ बायू येथे मार खाल्ला. हिवाळाभर कालवे खणून पाहिले, दलदलीतल्या ओढ्यांतून बोटी रेटून पाहिल्या. काही जमले नाही. पण परतीच्या वाटेवर आसपासच्या शेतांवर फौज कशी पोसता येते हे ग्रँट यांनी पाहून ठेवले होते.

१६ एप्रिल १८६३ च्या रात्री उत्तरेच्या नौदलातील पोर्टर यांची जहाजे विक्सबर्गच्या तोफांखालून खाली निसटली. सैन्य पश्चिम काठाने चालत गेले. शत्रूची नजर दुसरीकडे राहावी म्हणून उत्तरेच्या ग्रिअर्सन यांचे घोडदळ मिसिसिपी राज्यातून आरपार, १६ दिवसांत सुमारे ६०० मैल दौडले. ३० एप्रिलला ब्रुइन्सबर्गजवळ सैन्य नदीपार झाले. त्यानंतर थेट विक्सबर्गवर न जाता ग्रँट आधी ईशान्येला वळले: १ मे पोर्ट गिब्सन, १२ ला रेमंड, १४ ला राज्याची राजधानी जॅक्सन, १६ ला चॅम्पियन हिल, १७ ला बिग ब्लॅक नदी. कुमकेचा लोहमार्ग आधी तोडला, मग गावाकडे वळले. ग्रँट यांनी रसद साफ तोडून टाकली असे लिहितात, ते थोडे वाढवून सांगितलेले आहे. दारूगोळा, मीठ, कॉफी आणि कडक बिस्किटांच्या गाड्या मागून येतच होत्या. मांस आणि मका मात्र वाटेतल्या शेतांतून.

१९ आणि २२ मे चे थेट हल्ले फसले. घळी खोल, उतार उभे, आणि काही ठिकाणी शिड्याच आखूड पडल्या. मग वेढा. आत दक्षिणेचे सेनापती पेंबर्टन यांची कोंडी होती: डेव्हिस म्हणत गाव सोडू नका, जॉन्स्टन म्हणत बाहेर येऊन मला मिळा. ४७ दिवसांनी, ४ जुलै रोजी, सुमारे २९,५०० माणसांनिशी ते शरण गेले. ९ जुलैला त्याच नदीवरचे पोर्ट हडसन हे ठाणे पडले आणि दक्षिणेचे दोन तुकडे झाले.

ग्रँट नुसते माणसे मारून जिंकले का?

हा शिक्का १८६४ च्या व्हर्जिनिया मोहिमेतून बसला. विल्डरनेस, स्पॉट्सिल्व्हेनिया, कोल्ड हार्बर या सहा आठवड्यांत त्यांच्या सैन्याचे सुमारे ५५,००० गमावले गेले. ३ जूनचा कोल्ड हार्बरचा हल्ला चुकलाच, तसे ग्रँट यांनी पुढे स्वतः लिहिले. पण त्यांनी तीन सेना शरण आणल्या: डोनेल्सन किल्ला, विक्सबर्ग आणि ॲपोमॅटॉक्स. विक्सबर्गची मोहीम तर चालींच्या जोरावर जिंकलेली. मार्च १८६४ मध्ये सर्व सैन्यांची सूत्रे हाती आल्यावर त्यांनी सगळ्या आघाड्यांवर एकाच वेळी दाब आणला, जेणेकरून दक्षिणेला एकीकडची माणसे दुसरीकडे पाठवता येऊ नयेत. त्यांच्या आधी हे कोणी नीट राबवले नव्हते.

पीटर्सबर्गचा सुरुंग का फसला?

रिचमंडजवळच्या पीटर्सबर्गला उत्तरेने वेढले होते आणि शत्रूच्या मोर्च्याखाली सुरुंग लावला. काम उत्तम झाले होते. ४८ व्या पेनसिल्व्हेनिया पलटणीत कोळशाच्या खाणीतले कामगार होते. त्यांनी ५११ फूट लांब बोगदा खणला. आत विस्तव पेटता ठेवून धुराड्यातून गरम हवा वर जाऊ देत, त्या ओढीने लाकडी नळातून ताजी हवा टोकापर्यंत पोचे. शत्रूच्या मोर्चाखाली ८,००० पौंड दारू भरली. ३० जुलै १८६४ च्या पहाटे वात जोडाशी विझली. दोघे जण आत शिरले, नवा जोड देऊन पेटवून आले. पावणेपाचच्या सुमारास स्फोट झाला.

चुका वरच्यांच्या होत्या. या हल्ल्याची तालीम केलेली कृष्णवर्णीय सैनिकांची डिव्हिजन मीड आणि ग्रँट यांनी आदल्या दिवशी मागे ठेवली आणि बदली डिव्हिजन चिठ्ठ्या टाकून निवडली. तिचा प्रमुख लेडली मागे सुरक्षित जागी बसून राहिला. आपल्याच खंदकातून बाहेर पडायला शिड्या नव्हत्या. सैनिक स्फोटाने पडलेल्या विवराला वळसा घालण्याऐवजी आत उतरले आणि उभ्या मातीवरून वर चढता येईना. काठावरून त्यांना टिपले गेले. नंतर पाठवलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांपैकी अनेकांना शरण आल्यावरही मारण्यात आले.

शर्मन यांनी रूळ कसे नष्ट केले आणि का?

अटलांटाच्या मोहिमेत त्यांची १ लाख माणसे आणि ३५,००० जनावरे लुइव्हिलपासून आलेल्या ४७३ मैलांच्या एकेरी मार्गावर जगत होती. नियमाप्रमाणे एका घोड्याला रोज १४ पौंड वाळले गवत आणि १२ पौंड धान्य लागे. यावरून मालगाड्यांचा अंदाज बांधावा. रूळ म्हणजे सैन्याचा प्राण, हे त्यांना यातून पक्के कळले होते.

२ सप्टेंबर १८६४ ला अटलांटा पडले. मॅक्लेलन यांच्याविरुद्धची अध्यक्षपदाची निवडणूक लिंकन यांनी जिंकली त्यात याचा वाटा मोठा. १५ नोव्हेंबरला सुमारे ६२,००० माणसे घेऊन शर्मन समुद्राकडे निघाले आणि २१ डिसेंबरला सव्हाना घेतले. वाटेत पद्धत अशी: रूळ उपटायचे, खालचे लाकडी स्लीपर रचून पेटवायचे, रुळाचा मधला भाग लाल होईपर्यंत त्यावर ठेवायचा, मग झाडाभोवती वाकवायचा. नुसता वाकवलेला रूळ तापवून सरळ करता येतो. म्हणून पीळही द्यायचा. पीळ बसलेला रूळ कारखान्यात पुन्हा लाटल्याशिवाय कामाला येत नाही.

कृष्णवर्णीय सैनिकांचा वाटा किती?

सैन्यात सुमारे १,७९,०००, शिवाय नौदलात हजारो. त्यांतले बहुसंख्य गुलामगिरीतून आलेले. पगार सुरुवातीला महिना १० डॉलर आणि त्यातून कपड्यांचे ३ कापत. गोऱ्या शिपायाला १३ डॉलर. ५४ व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीने कमी पगार घ्यायला नकार दिला आणि बिनपगारी लढली. समान पगार जून १८६४ मध्ये मंजूर झाला. पकडलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांना युद्धकैदी मानायला दक्षिणेने नकार दिला, त्यामुळे कैद्यांची अदलाबदल बंद पडली. दक्षिणेच्या अँडरसनव्हिल कैदी छावणीत सुमारे १३,००० उत्तरेकडचे कैदी मेले, त्यामागे हेही एक कारण आहे.

या युद्धाचा मुंबई आणि महाराष्ट्राशी संबंध काय?

दोन धागे पक्के आहेत. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाल्यावर इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांनी कापसासाठी इजिप्त आणि हिंदुस्थानाकडे मोर्चा वळवला. खानदेश, वऱ्हाड, हिंगणघाटचा कापूस मुंबईतून जाऊ लागला. मुंबईत पैसा ओसंडला आणि समुद्र भरून जमीन करणाऱ्या कंपन्यांचे शेअर आभाळाला भिडले. राजाबाई टॉवरसाठीची देणगी प्रेमचंद रायचंद यांनी याच तेजीत दिली. १८६५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी येताच भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा मुदतीचे सौदे पुरे करण्याचा दिवस होता, आणि त्या दिवशी अनेक पेढ्या बुडाल्या.

दुसरा धागा जोतीराव फुले यांचा. १८७३ मधील ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा, अशी इच्छाही त्यांनी अर्पणपत्रिकेत व्यक्त केली आहे.

नावांचा गोंधळ कसा टाळावा?

एकाच लढाईला दोन नावे असतात. उत्तरेची बाजू बहुधा जवळच्या ओढ्या-नदीचे नाव देई, दक्षिण जवळच्या गावाचे: बुल रन म्हणजेच मनॅसस, अँटिटम म्हणजेच शार्प्सबर्ग, स्टोन्स रिव्हर म्हणजेच मर्फ्रीझबरो. टेनेसी नदीवरून नाव घेतलेली सेना उत्तरेची, टेनेसी राज्यावरून नाव घेतलेली दक्षिणेची. जॉन्स्टन दोन: अल्बर्ट सिडनी शायलोच्या लढाईत ६ एप्रिल १८६२ ला मारले गेले, जोसेफ शेवटपर्यंत होते. व्हर्जिनियातील शेनँडोआ नदी ईशान्येला वाहते, म्हणून खोऱ्यात ‘वर गेले’ असे वाचले की दक्षिणेला गेले असे समजावे.

युद्ध नेमके कधी संपले?

९ एप्रिल १८६५ ला ॲपोमॅटॉक्स येथे ली शरण आले. सुमारे २८,००० सैनिकांना घरी जाऊ दिले गेले. स्वतःचा घोडा किंवा खेचर असेल तर ते पेरणीसाठी नेण्याची मुभा मिळाली आणि उपाशी फौजेला ग्रँट यांनी शिधा पाठवला. १४ एप्रिलला लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली, दुसऱ्या दिवशी सकाळी ते वारले. जोसेफ जॉन्स्टन २६ एप्रिलला शरण आले, डेव्हिस १० मे ला जॉर्जियात पकडले गेले. टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन येथे गुलामांच्या मुक्तीचा हुकूम १९ जूनला वाचला गेला. दक्षिणेच्या बाजूने लढलेले चेरोकी सेनानी स्टँड वेटी २३ जूनला शरण आले, तर दक्षिणेच्या ‘शेनँडोआ’ या युद्धनौकेने थेट नोव्हेंबरमध्ये लिव्हरपूलला जाऊन निशाण उतरवले. गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती ६ डिसेंबर १८६५ रोजी मंजूर झाली. केंटकी आणि डेलावेअरमधल्या गुलामांची सुटका त्या दिवसानंतरच झाली, कारण लिंकन यांचा जाहीरनामा फक्त बंडखोर प्रदेशाला लागू होता.